दुकानाची किल्ली परत दिली, बाबा

इंदूर
रविवार, रात्र

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

फोनवर सांगायचं म्हणून दोनदा विषय काढता काढता राहिले. एकदा बाबा नुकतेच गुडघ्याचे व्यायाम करून दमलेले होते, एकदा आई तुझा आवाज बसलेला वाटला. म्हणून लिहिते. शीतलामाता बाजारातलं आपलं साड्यांचं दुकान मी सोडलं. परवा मालकांच्या हातात किल्ली दिली.

बाबा, पुढचं वाचायच्या आधी घोटभर पाणी प्या. पाटी तुमच्या नावासकट घरी आणलीय. ओल्या फडक्यानं पुसून बैठकीत लावली. गादीला दोन दिवस ऊन दिलं. कपाटं दादाच्या जुन्या खोलीत बसली, फक्त एकाचा कोपरा थोडा घासला गेला, त्याला पॉलिश करून घेईन.

वाढलेलं भाडं, त्या उभ्या पायऱ्या, गाडी लावायला नसलेली जागा, हे सगळं आपलं बोलून झालंय. पण दिवाळीनंतर दिवसाला दोन-तीन गिऱ्हाइकंच वर यायची आणि फोनवर मात्र पंधरा-वीस बायका साड्यांची चौकशी करायच्या. त्यांना उत्तरं देताना समोर बसलेल्या बाईकडे माझं लक्ष नसायचं. एकदा एक आजी साडी मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत बसल्या होत्या आणि मी मान वर केली तेव्हा त्या उठत होत्या. तुम्ही असतात तर असं झालं नसतं. त्या रात्री मी ठरवलं की दोन्हीकडे अर्धं अर्धं करायचं नाही, आता घरूनच, फोनवर विकायचं.

तुम्ही विचाराल, हात न लावता कोण साडी घेईल? बाबा, तुमची व्हीपीची पार्सलं आठवा. पोस्टकार्डावर दोन ओळी यायच्या, 'मागच्यासारखीच, पण काठ जरा रुंद.' बायका पोस्टमनकडे पैसे भरून पार्सल सोडवून घ्यायच्या. त्यांच्यापैकी कुणीतरी, निदान एखादी नणंद-जाऊ, आधी आपल्या गादीवर येऊन चहा पिऊन गेलेली असायची, एवढा फरक. माझ्या बायकांनी आपला चहा प्यायलेला नाही. तिथूनच मला सुरुवात करावी लागते.

सुरुवातीला चुकले. नाशिकच्या एका ताईंना दाळिंबी महेश्वरी पाठवली, मुलीच्या केळवणासाठी. फोटो ट्यूबलाइटखाली काढला होता. त्यांच्या फोनवर ती लालभडक दिसली आणि हातात आली तेव्हा काळसर. त्यांनी लिहिलं, "फसवलंत." आई, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग डोळे पुसून त्यांना सरळ फोन लावला, आधी पैसे परत केले आणि साडी परत पाठवायचा खर्च आपला म्हणून सांगितलं. कायद्यानं मला वेळ होता, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याच्या आत द्यायचा असतो. पण केळवण चार दिवसांवर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत, उन्हाची तिरीप थेट पडणार नाही अशा जागी, पाच साड्या अंथरल्या आणि प्रत्येकीशेजारी एक ओळखीची वस्तू ठेवली. दाळिंबीशेजारी सोललेलं डाळिंब, गुलबक्षीशेजारी दारातलं गुलबक्षीचं फूल, तपकिरीशेजारी अख्खी सुपारी. डाळिंबाचा दाणा कसा दिसतो हे कुणाला सांगावं लागत नाही, फोन कुठलाही असो. त्यांनी गुलबक्षी निवडली. आता प्रत्येक फोटो मी तसाच काढते.

आणखी एक सांगू? तुम्ही काडेपेटी काढून पदराच्या दशीतला धागा जाळून दाखवायचात ना, ते मी आता व्हिडिओत करते. प्रत्येक नव्या ताग्यातला उभा रेशमाचा धागा जाळते, केस जळल्यासारखा वास येतो हे बोलून सांगते, राख बोटांत चुरून दाखवते. मग आडवा सुताचा. शेवटी मुद्दाम पॉलिस्टरचा, म्हणजे वितळून झालेली कडक गोळी दिसते. वास फोनमधून जात नाही, पण बायका घरी करून बघतात आणि मला कळवतात. काठालगतची ती सुईच्या टोकाएवढी भोकं जवळून दाखवते, हातमागाची खूण म्हणून. जिथे धागा सुटलाय तिथे बोट ठेवून आधीच सांगते आणि किंमत उतरवते. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून मी विकणार नाही बाबा, दुकान नसलं तरी.

आणि तुमची वही! त्यातली पानं न् पानं मी उतरवून काढली. 'थोरलीचं लग्न, अंजिरी नऊवारी.' 'सासूबाईंना सुती, टोचणारी जर नको.' त्यातल्या अकरा घरी फोन लागले. एका सूनबाईंनी विचारलं, "बाबा बरे आहेत ना?" आणि मग अर्धा तास बोलल्या. साडी त्या दिवशी घेतली नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

आई, तुझी धुण्याची चिठ्ठी अजून प्रत्येक पार्सलात जाते, तुझ्याच अक्षरातली, झेरॉक्स काढून. 'पहिलं धुणं गार पाण्यात, वेगळं. पिळू नये.' परवा एकीनं त्या चिठ्ठीचा फोटो पाठवला, तिनं ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय.

घर आवरताना तो लाकडी स्टूल सापडला. मी त्यावर पेंगायचे आणि बाबा तुम्ही मला खांद्यावर टाकून राजवाड्यावरून न्यायचात. थंडी असली की सराफ्यात गरम तळलेले गराडूचे तुकडे खायचो. मी झोपल्याचं सोंग करायचे, कारण जागी दिसले असते तर चालावं लागलं असतं. तुम्हाला ठाऊक होतं का? तरीही उचलायचात?

आता ऐका. आई, रक्तदाबाची गोळी सकाळी चहाच्या आधी, नंतर आठवेल तेव्हा नाही. न्हाणीघरात रबरी चपला दोघांनीही घालायच्या. बाबा, वॉकर दारामागे लपवू नका, वहिनीनं मला सांगितलंय. माझ्या नावानं कुणीही पैसे किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्यायचा आणि मला लावायचा. आपल्या साड्यांचे फोटो उचलून कुणीतरी खोटं खातं काढलं होतं, म्हणून सांगते. जिरावण मसाला आणि शेव दादासोबत पाठवतेय, पण बाबांना शेव मोजून.

तुम्ही परत आलात की बैठकीतली खिडकीजवळची जागा तुमची. पायरी एकही नाही. रागावला असाल तर रागवा, पण बोलणं सोडू नका.

तुमची,
छोटी

ता. क. कापड मोजायचा लोखंडी गज कुठेय विचाराल म्हणून लिहिते. देवघराशेजारच्या कोनाड्यात उभा ठेवलाय. रोज पुसते.