सूचना: पहिली सुरी करताय? भट्टी पेटवायच्या आधी वाचा

मंडळी, पुढच्या बैठकीला पाणी द्यायचं (म्हणजे पातं तापवून तेलात बुडवून कडक करायचं) काम आहे, तर ज्यांची पाती अजून कानशीखालीच आहेत त्यांनी जरा हात चालवा. धारेची कड आत्ताच कागदासारखी पातळ करू नका, साधारण १ मिमी जाड ठेवा, नाहीतर तेलात बुडवल्यावर पातं वाकडं होतं किंवा तडकतं आणि मग आठवडाभराची घासाघीस फुकट (माझं पहिलं केळ्यासारखं वाकलं होतं, अजून ठेवलंय). मुठीची भोकंही आत्ताच पाडून घ्या, नंतर ड्रिल बिट नुसतं कुरकुरेल.

स्टील १०८४ (साधं कार्बन स्टील) च आणा. भंगारातली पट्टी आणू नका प्लीज, ती कसली आहे हे कुणालाच माहीत नसतं. लोहचुंबक चिकटायचा बंद झाला म्हणजे साधारण ७७० डिग्री, तिथून अजून थोडं तापवायचं, ८१५ च्या आसपास, आणि मग सरळ तेलात, टोक खाली, आडवं हलवायचं नाही. तेल आधी ५० डिग्रीपर्यंत कोमट करून घेऊ. नंतर कानस फिरवून बघायची, काचेवरून सरकल्यासारखी घसरली तर जमलं. त्याच दिवशी ओव्हनमध्ये २०० डिग्रीला दोन-दोन तास दोनदा ठेवायचं, हे टाळलं तर पातं हातातून पडल्यावर तुकडे होतात.

सुती कपडे, बंद बूट, चष्मा, मास्क. ग्राइंडरवर हातमोजे नकोत. तेल पेटलं तर झाकण टाका, पाणी अजिबात नाही. येताय की नाही ते आधी कळवा, सांडशी दोनच आहेत.