आमच्या लेपर्ड गेकोसाठी धावून आलेल्या सोलापूरकरांचे आभार

अडगळीत महिनोन्‌महिने दुर्लक्षित पडलेला हा गेको, म्हणजे ठिपकेदार पाळीव पाल, आता सावरला आहे. २६ ग्रॅमचा होता, चार महिन्यांत ४१ झाला. आपली चरबी हा प्राणी शेपटीत साठवतो. त्याची शेपूट पेन्सिलीएवढी उरली होती.

पहिले आभार 'आधी ऊब, मग पाणी, खाणं शेवटी' हे बजावणाऱ्या ताईंचे. अंगाला ऊब नसेल तर अन्न पचत नाही, उलटी होते. त्याच्या पेटीत उबदार टोकाची फरशी ३२ अंशांवर, दुसरं टोक २५च्या आसपास, रोज दहा मिनिटं कोमट पाण्यात, पाणी पोटाखालीच. सोलापूरच्या उन्हाळ्यात हीटिंग मॅटनं (ऊब देणाऱ्या विजेच्या चटईनं) पेटी गरम करण्यापेक्षा ती थंड ठेवणंच अवघड. ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणारा थर्मोस्टॅट जोडून देणाऱ्या दादांमुळे मॅट जास्त तापण्याचा धोका टळला.

रातकिडे घरी वाढवून देणाऱ्या मुलांनो, तुमचे विशेष आभार. शेतातले किडे फवारणीमुळे चालत नाहीत. सुरुवातीला दिवसाआड दोनच, गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा लहान, कॅल्शियम पावडरीत घोळवलेले. भरमसाट खाऊ घातलं असतं तर उपाशी शरीराला ते झेपलं नसतं. नुसत्या चरबीदार अळ्याही नकोतच. त्यांची चटक लागली की तो दुसरं काही खात नाही.

विष्ठा तपासून जंतांचं औषध वजनानुसार देणाऱ्या डॉक्टरांचे आणि दर रविवारी दागिन्यांचा काटा वापरू देणाऱ्या सराफकाकांचे मनापासून आभार. घरच्या काट्यावर एका ग्रॅमचा फरक कळलाच नसता. बोटांवर अडकलेली कात ओल्या शेवाळाच्या डबीमुळे सुटली. ती डबी देणाऱ्या आजींचेही.