विषय : ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून विकलेल्या गेम-प्राणी मॉडेलिंग अभ्यासक्रमाबद्दल तक्रार आणि शुल्क परताव्याची मागणी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. माइनक्राफ्टसारख्या गेमसाठी ठोकळ्यांचे प्राणी कसे घडवायचे आणि त्यांवर टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचे चित्र, कसे रंगवायचे, हे शिकवणारा आपला ऑनलाइन अभ्यासक्रम मी यंदा विकत घेतला. अभ्यासक्रमाचे ४,९९९ रुपये आणि ‘सॉफ्टवेअर परवाना शुल्क’ म्हणून वेगळे १,४९९ रुपये भरले. ‘पूर्वानुभव नको, शून्यापासून स्वतःचा प्राणी, स्वतःचे टेक्स्चर’ हे आपल्या जाहिरातीतले वाक्य वाचूनच मी पैसे भरले. शाळेच्या संगणक कक्षात मुलांकडून भीमाशंकरचे शेकरू करून घ्यावे, असे माझ्या मनात होते.

सुरुवातीचे धडे चांगले आहेत, हे आधी सांगते. सोळा एकके म्हणजे गेममधला एक ठोकळा, हे प्रमाण आपले शिक्षक नीट समजावतात. माइनक्राफ्टमधल्या क्रीपर या हिरव्या प्राण्याचे डोके ८×८×८, धड ८×१२×४ आणि चार पाय ४×६×४, एवढ्या मोजक्या मापांत ओळखता येणारा प्राणी उभा राहतो, हे पाहून मुले हरखली. क्रीपर म्हणजे डुकराच्या मॉडेलमध्ये उंची आणि लांबीची अदलाबदल झाल्यामुळे जन्मलेला प्राणी, हा किस्साही त्यांना फार आवडला.

माझी तक्रार पुढच्या धड्यांबद्दल आहे. टेक्स्चरचा धडा उणापुरा अकरा मिनिटांचा आहे. त्यात शिक्षक म्हणतात, ‘आता फोल्डरमधली पीएनजी फाइल ओढून इथे टाका.’ क्रीपर हिरवा होतो आणि धडा संपतो. ती फाइल गेममधलीच तयार फाइल आहे. ती कशी बनली, तिच्यावरचा कोणता चौकोन प्राण्याच्या कोणत्या बाजूला जातो, याबद्दल पुढच्या कोणत्याही धड्यात अवाक्षर नाही.

खरे शिकायचे तिथेच असते. प्राथमिक शाळेत मुले इष्टिकाचितीची घडण कागदावर काढतात, तेच ‘बॉक्स यूव्ही’मध्ये, म्हणजे ठोकळ्याच्या बाजू सपाट चित्रावर मांडण्याच्या पद्धतीत, होते. ठोकळा उलगडून सपाट केला की वरच्या ओळीत माथा आणि तळ येतात, खालच्या ओळीत उजवी बाजू, समोरची, डावी आणि मागची. ८×८×८ चे डोके टेक्स्चरवर ३२×१६ पिक्सेलची जागा घेते. हे एकदा फळ्यावर काढून दाखवले की सातवीच्या मुलाला कळते, मी स्वतः दाखवून पाहिले आहे. ठोकळ्याचे माप साडेपाच असे अपूर्णांकात दिले तर पिक्सेल ताणले जातात. म्हणून माप पूर्णांकात ठेवायचे आणि किंचित फुगवटा हवा असेल तर ‘इन्फ्लेट’ वापरायचे. नवीन टेक्स्चर तयार करताना ‘टेम्प्लेट’ हा पर्याय निवडला की प्रोग्राम प्रत्येक बाजूची जागा वेगळ्या रंगात आपोआप आखून देतो. हा पर्याय आपल्या एकाही व्हिडिओत नाही. मला तो ब्लॉकबेंच या अभ्यासक्रमातल्याच प्रोग्रामच्या विनामूल्य विकीवरून आणि स्वतः शोधून कळला.

हालचालीच्या धड्याचीही तीच गत. पाय चालण्यासाठी त्याचा पिव्हट, म्हणजे तो ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू, खुब्याच्या जागी हवा. तो मूळ बिंदूवरच राहिला तर पाय धडापासून सुटून जमिनीवरच्या त्या बिंदूभोवती फिरत राहतो. शेपटीला वळण द्यायचे तर तिचा प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या आत, त्याचा पाल्य म्हणून ठेवावा लागतो. आपले शिक्षक हे सगळे आधीच करून ठेवलेली फाइल उघडतात आणि ‘प्ले’ दाबतात.

यातून काय होते, ते मी डोळ्यांनी पाहिले. माझ्या वर्गातल्या एका मुलाने शेकरूचे मॉडेल फार सुरेख केले होते. झुपकेदार शेपूट चार ठोकळ्यांची, टोकाकडे जाड होत गेलेली, कान टोकदार. रंगही त्याने कागदावर ठरवले होते : पाठ गडद तांबूस, पोट फिकट पिवळसर. मग आपल्या धड्याप्रमाणे त्याने फोल्डरमधली फाइल ओढून टाकली. शेकरू हिरवे झाले आणि क्रीपरच्या तोंडाचा काळा तुकडा त्याच्या मांडीवर आला. धडा त्याने पुन्हा लावला, पुन्हा तेच झाले. ‘मॅडम, मला नाही जमत हे,’ म्हणून तो उठला. चूक त्याची नव्हती. जी पायरी त्याला कोणी दाखवलीच नाही, तिच्यावर तो अडला होता. नवशिक्या माणूस अशा वेळी धड्याला दोष देत नाही, स्वतःला देतो. म्हणूनच हा प्रकार मला इतका लागला आहे आणि केवळ पैशांसाठी मी हे पत्र लिहीत नाही.

आपल्या मदत कक्षाला मी तीनदा लिहिले. तिन्ही वेळा ‘कृपया असाइनमेंट फोल्डरमधील फाइल वापरावी’ हेच उत्तर आले. स्वतःचे टेक्स्चर कसे करायचे, असे विचारणाऱ्याला हे उत्तर कसे चालेल?

आता परवाना शुल्काबद्दल. अभ्यासक्रमात वापरलेला ब्लॉकबेंच हा प्रोग्राम विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. तो कोणीही उतरवून घेऊ शकतो, ब्राउझरमध्येही चालवू शकतो. आपण मला परवान्याची कोणतीही किल्ली दिली नाही, कारण त्याला किल्ली लागतच नाही. मग १,४९९ रुपये कशाचे घेतले, याचा लेखी खुलासा मला हवा आहे. शाळांमधून असे अभ्यासक्रम घेणाऱ्या इतर शिक्षकांनीही हे पैसे भरले असतील, तर त्यांचेही ते परत करावेत.

माझी मागणी अशी आहे की परवाना शुल्क आणि अभ्यासक्रमाचे शुल्क मिळून ६,४९८ रुपये मूळ खात्यावर परत करावेत. यूव्ही, टेक्स्चर रंगवणे आणि पिव्हट यांचे धडे प्रत्यक्ष तयार होईपर्यंत ‘शून्यापासून स्वतःचे टेक्स्चर’ हे वाक्य जाहिरातीतून काढावे. ते धडे करायचे ठरवलेत तर मुले नेमकी कुठे अडतात याची टिपणे मी आनंदाने पाठवीन, त्यासाठी मोबदला नको.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
चित्रकला शिक्षिका व नोंदणीकृत ग्राहक

सोबत : दोन्ही शुल्कांच्या पावत्या, जाहिरातीचे छायाचित्र, मदत कक्षाची उत्तरे, शेकरूच्या मॉडेलची फाइल