शाळेचा चार्ज घेतोयस म्हणून

नागपूर, जून

प्रिय विज्या,

महाल भागातल्या शाळेचा चार्ज मिळाला, अभिनंदन! फोनवर तू मोठी यादी वाचलीस: डिजिटल वर्ग, विज्ञान मंडळ, इंग्रजी संभाषण, बोलक्या भिंती, परसबाग. रागावू नको, पण पहिल्या सत्रात यातलं काहीच काढू नको. परसबाग तेवढी चालेल, पावसात ती तशीही उगवते.

उपक्रम आला की त्याची फाइल येते, प्रभारी येतो आणि ग्रुपवर टाकायला फोटो येतो. फोटो गेला की उपक्रम संपला. हे शिक्षकांनी इतक्यांदा पाहिलेलं असतं, की नवा मुख्याध्यापक काहीही म्हणाला तरी ते 'हो सर' म्हणतात आणि तुझा जोर ओसरायची वाट बघतात. तेव्हा एकच गोष्ट धर: शिक्षकांनी एकमेकांच्या तासाला जाऊन बसायचं.

याला आधी वेळ काढावा लागतो, तो वेळापत्रकातूनच. शिक्षणहक्क कायद्यात शिक्षकाचा आठवडा 45 तासांचा धरलाय, तयारीचा वेळ त्यातच मोजून. म्हणजे रिकामी तासिका ही काही मेहेरबानी नव्हे. एका विषयाच्या किंवा लगतच्या इयत्तांच्या दोघांची जोडी लाव आणि आठवड्यातून एक तासिका प्रत्येकाच्या नावावर राखून ठेव. गाडी अडते ती इथंच. कोणी रजेवर गेलं की पहिला बळी याच तासिकेचा जातो, आणि दोनदा तसं झालं की तिसऱ्यांदा कुणी विचारतही नाही. म्हणून ती सोमवारी-शनिवारी ठेवू नको, रजा त्याच दिवशी जास्त पडतात. मंगळवार-बुधवार बरा. तरीही अडलंच तर बदली तासिकेवर तू स्वतः जा.

बघायला जाणाऱ्याच्या हातात पाठनिरीक्षणाचं लॉगबुक देऊ नको. लॉगबुक दिसलं की शिक्षकाला तपासणी आठवते, मग तो ठेवणीतला पाठ घेतो. कोरा कागद दे. त्यावर बाकांचा नकाशा काढायचा, कोण कुठं बसलंय ते लिहायचं, आणि जे पोरगं उत्तर देईल किंवा स्वतःहून काही विचारेल त्याच्या नावापुढं एक रेघ मारायची. बस. शेरा नाही, गुण नाहीत. पस्तीस मिनिटांनी पुढच्या दोन बाकांवर रेघांची गर्दी दिसते आणि खिडकीकडच्या मागच्या बाकांवरची पोट्टी साफ कोरी. तो कागद ज्याचा तास होता त्याच्याच हाती जातो. तुझ्याकडे त्याची प्रतसुद्धा येता कामा नये. एकदा का तो गोपनीय अहवालाला चिकटला, की पुढच्या आठवड्यापासून सगळ्या नावांपुढं सारख्याच रेघा दिसतील.

पहिला तास तुझा स्वतःचा असू दे, आणि बघायला शाळेतले सगळ्यात जुने गुरुजी. त्यांनी तुझा कागद स्टाफरूममध्ये बिनधास्त दाखवला की निम्मी भीती जाते. सुरुवात सगळ्यात हुशार बाईंपासून मात्र करू नको. 'त्यांना जमते, आम्हाले नाही' असं म्हणून बाकीचे मोकळे होतात. मधल्या फळीतल्या दोन जोड्या घे, त्यांचं बसलं की पुढं.

कागद पाहिल्यावर शिक्षक विचारेलच, आता करू काय? एकच सांग: प्रश्न विचारला की मनात तीनपर्यंत मोज, मग नाव घे. अमेरिकेत शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबत. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणारीही बोलू लागली. ऐकायला सोपं आहे, पण वर्गात ते तीन सेकंद फार लांब वाटतात. अभ्यासक्रम मागं पडेल ही ओरड होईल. होऊ दे, पण घटक चाचणीच्या आठवड्यात सक्ती करू नको.

पोरं बोलू लागली की लिहिणं थोडं कमी होतं, मग पालक विचारतील, वही कोरी का? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, आणि निम्म्या सदस्य महिला. त्यांच्यापुढं भाषण देऊ नको. दोघा-तिघींना मागच्या बाकावर बसव आणि तोच कोरा कागद दे.

दिवसांचा हिशेब आत्ताच मांड. आपल्याकडे शाळा उघडते जूनच्या अखेरीस, पहिले दोन आठवडे प्रवेश, पुस्तकं आणि गणवेशात जातात. मग पोळ्यापर्यंत सलग काम होतं. पाठोपाठ तान्हा पोळा, गणपती. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी तर महालात शाळेचं नावच काढू नको. म्हणजे जुलैच्या मध्यापासून पोळ्यापर्यंत जे बसेल तेच खरं, उरलेलं दिवाळीनंतर बघू.

वेळापत्रकाचा कच्चा कागद झाला की फोटो पाठव. शनिवारच्या अर्ध्या दिवसात खेळाचा तास कुठं टाकतोस ते मला आधी बघायचंय, पहिली कात्री तिथंच लागते. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शरद