छाप्यासोबत फसवणुकीची पद्धतही सांगा

मायक्रोसॉफ्टच्या नावाने संगणक दुरुस्तीचा बहाणा करून लुबाडणाऱ्या बनावट टेक सपोर्ट कॉल सेंटरवरील छाप्याची बातमी आपल्या अंकात वाचली. पोलिसांचे अभिनंदन. मात्र जप्त संगणक आणि अटकेतील आरोपी यांची संख्या देऊन अशा बातम्या थांबतात आणि वाचकाला बचावासाठी हवी ती माहिती मिळतच नाही. ती खरे तर एका ओळीत मावते: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

अचानक सगळा स्क्रीन व्यापून, भोंगा वाजवत ‘व्हायरस सापडला, संगणक बंद करू नका’ असे बजावणारा मजकूर म्हणजे निव्वळ एक वेबपान असते. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला की ते जाते. त्यावरचा नंबर लावला, तर पलीकडचा ‘इंजिनिअर’ एनीडेस्कसारखे ॲप टाकायला लावून संगणकाचा ताबा घेतो आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या त्रुटींच्या लाल खुणा दाखवून, घाबरवून पैसे उकळतो. अशा नोंदी धडधाकट संगणकातही असतात, हे ज्येष्ठ नागरिकांना कोणी सांगितलेलेच नसते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये अशा टोळ्यांवर देशभर छापे घातले. त्यांचे सावज परदेशी नागरिक होते, म्हणून आपल्याला धोका नाही असे मानणे चुकीचे आहे. अशा प्रत्येक बातमीसोबत खोटा इशारा ओळखण्याची ही खूण आणि १९३० हा सायबर हेल्पलाइन क्रमांक चौकटीत छापावा. तक्रार लगेच नोंदवली, तर गेलेली रक्कम बँकेत रोखता येण्याची शक्यता असते.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली