पंचगंगेपासून लांब एक प्रत

शुक्रवार पेठ,
कोल्हापूर

प्रिय दोस्ता,

या पत्रासोबत एक खोकं पोचेल. आत काकांच्या भजनांच्या एकतीस कॅसेटी, एक हार्डडिस्क आणि एक शंभरपानी वही आहे. वहीचं काम तुझ्याकडे आहे, ते शेवटी सांगतो.

गेल्या महिन्यात फोनवर या कॅसेटींचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालास, "एवढा त्रास कशाला घेतोस? मोबाइलवर रेकॉर्ड कर, यूट्यूबवर टाक, विषय संपला." तू गाडी चालवत होतास म्हणून वाद घातला नाही. पण ते वाक्य डोक्यातून काही जाईना. म्हणून लिहायला बसलोय.

२०१९ चा ऑगस्ट आठव. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही आईला घेऊन रात्रीच राजारामपुरीत मामाकडे गेलो. कागदपत्रं, दागिने, आईची औषधं, एवढंच हाताला लागलं. हार्डडिस्क टेबलाच्या खालच्या खणात राहिली. त्यात अकरा वर्षांचे फोटो होते. पोरीच्या बारशापासून शाळेच्या पहिल्या दिवसापर्यंतचे सगळे. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर खण गाळानं भरलेला. साध्या हार्डडिस्कला आतला-बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र असतं. पाणी तिथूनच आत गेलं. पुण्याला एकाकडे दाखवली, त्यानं उघडून तबकड्यांवरचा गाळ दाखवला आणि परत दिली. एक फोटो निघाला नाही. तुला हे मी आजवर सविस्तर सांगितलं नव्हतं, कारण बोलवत नव्हतं.

आणि त्याच घरात, माळ्यावर, तुम्ही नागपूरला जाताना ठेवून गेलेलं काकांचं खोकं कोरडं ठणठणीत. कॅसेट चांगली आणि हार्डडिस्क वाईट, असं मी यावरून म्हणणार नाही. दोन्हींच्या जागा बदलल्या असत्या तर आज काकांचा आवाज गेला असता आणि माझे फोटो राहिले असते. चूक माझी होती. संगणकातलं, तंत्रातलं मला कळतं असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो आणि एकुलती एक प्रत नदीकाठच्या घरात जमिनीपासून एक फुटावर ठेवली. त्या आठवड्यात मी दोन गोष्टी ठरवल्या. तुमचं खोकं आता नुसतं सांभाळायचं नाही, कॅसेटींतला आवाज संगणकात उतरवून घ्यायचा. आणि एक प्रत पंचगंगेपासून लांब ठेवायची.

उतरवायला इतकी वर्षं लागली, कारण मला ते कसंबसं करायचं नव्हतं. एका साऊंडवाल्याकडून दोन कॅसेटींचा जुना टेप डेक घेतला. आतले रबरी पट्टे वितळून डांबरासारखे झाले होते. ते खरवडून काढण्यात एक रविवार गेला. मग कळलं की एक प्लॅस्टिकची पुलीही तडकलीय. तो सुटा भाग आता कुठं मिळणार? कारखान्यांच्या उद्यमनगरात गेलो. एका टर्नरनं तुटकी पुली हातात घेतली, व्हर्नियर लावून माप घेतलं आणि संध्याकाळपर्यंत पितळेची नवी करून दिली. दीडशे रुपये. ती पुली बसवून डेक फिरला तेव्हा मला झालेला आनंद कुठल्याही नव्या फोनचं खोकं फोडताना झालेला नाही.

कॅसेटींचंही बरंच करावं लागलं. फिलिप्सनं १९६३ साली ही कॅसेट आणली. तिच्यातल्या फितीची रुंदी चार मिलिमीटरसुद्धा नाही. तिला डेकच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी नमद्याची छोटी गादी असते, तिचा गोंद वाळला की ती गळून पडते. नऊ कॅसेटींची गादी मी नव्यानं चिकटवली. दर कॅसेटनंतर हेड स्पिरिटनं पुसलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हेडचा कोन. काकांच्या टू-इन-वनचं, म्हणजे रेडिओ-टेपचं, हेड थोडं तिरकं असणार, त्यामुळे माझ्या डेकवर सगळं रजईखालून ऐकल्यासारखं यायचं. हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो कानानं ऐकत, केसभर, केसभर फिरवला, आणि एका क्षणी टाळ उघडले. अरे, मी खुर्चीतून उठलो! विठ्ठल मंदिरातलं गुरुवारचं भजन, काका पेटीवर, मागं टाळांची किणकिण, जसं आपण पायरीवर बसून ऐकायचो तसं.

टेपला घाई करता येत नाही. ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच चालते. साठ मिनिटांच्या एकोणीस आणि नव्वदच्या बारा कॅसेटी म्हणजे सदतीस तास, आणि ते सदतीस तास मी समोर बसून ऐकले. आवाजातले बारकावे राहावेत म्हणून २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झला उतरवलं. साधारण ३८ जीबी झालं, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास बसलं. फ्लॅक फाईल लहान करतं, पण आवाजातलं काही टाकून देत नाही. एमपी३ टाकून देतं. कानाला जे जाणवणार नाही असं त्याला वाटतं ते ते काढतं. गाडीत ऐकायला तेवढं पुरे, म्हणून त्याचाही वेगळा फोल्डर केलाय. पण मूळ म्हणून ठेवायची ती फ्लॅकचीच प्रत.

एका मित्रानं एआयवालं आवाज स्वच्छ करायचं सॉफ्टवेअर दिलं. लावून बघितलं. टेपची सरसर गेली, आणि तिच्यासोबत टाळही गेले. काका सुरुवातीला खाकरतात, तेही गेलं. उरला तो एक गुळगुळीत, कुणाचाही वाटावा असा आवाज. मी ते सगळं पुसून टाकलं. सरसर राहू दे.

आता तुझ्या यूट्यूबविषयी. चढवायला माझी हरकत नाही, भजन सगळ्यांनी ऐकावं. पण तिथं चढलेला आवाज पुन्हा दाबून लहान केला जातो, आणि तो राहील की जाईल हे आपल्या हातात नसतं. माझा अनुभव ऐक. एका ऑनलाइन दुकानात मी पैसे मोजून एक सिनेमा 'विकत' घेतला होता. दोन वर्षांनी यादीत तो दिसेना. विचारलं तर उत्तर आलं की हक्कांचा करार संपला. पैसे देताना बटणावर 'विकत घ्या' असंच लिहिलं होतं! हे माझ्या एकट्याचं नाही. २००९ च्या जुलैत अ‍ॅमेझॉननं लोकांच्या किंडलवरून विकलेलं पुस्तक परस्पर काढून घेतलं होतं, पैसे परत केले ही गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे की ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल तर ते स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' म्हणता येणार नाही. आपल्याकडेही असं काही व्हावं असं मला मनापासून वाटतं. भाड्यानं देताय तर भाडं म्हणा, मी आनंदानं भाडं देईन. गाण्यांचं मासिक भाडं मी देतोच, नवं ऐकायला त्यासारखी सोय नाही. पण काकांचा आवाज मी भाड्याच्या खोलीत ठेवणार नाही.

फोन कुठला घ्यावा विचारलं होतंस. आहे तोच ठेव. तुझ्या फोनची फक्त बॅटरी थकलीय. लिथियम बॅटरी काही शे वेळा भरली-रिकामी झाली की तिची चार्ज धरण्याची ताकद उतरतेच, त्यात फोनचा दोष नाही. चांगल्या माणसाकडून बदलून घे. माझा फोन सहा वर्षांचा आहे, दोनदा बॅटरी बदललीय. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे २०२७ च्या फेब्रुवारीपासून, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला स्वतः बदलता येईल अशी बॅटरी द्यायची आहे. घ्यायचाच झाला तर सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार ते आधी बघ, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नंतर. आणि वहिनींना सांग, लग्नाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसते पाठवले की ते लहान होतात आणि कधी काढले ती नोंदही आतून निघून जाते.

परवा खरी कॉर्नरला कॅमेऱ्याच्या स्तंभापाशी थांबलो होतो. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये इथं, या गावात, सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. पुढं 'प्रभात'चे झालेले विष्णुपंत दामले त्यांच्या हाताखाली होते. पुढं महाराष्ट्र फिल्म कंपनीचे किती मूकपट त्यांनी काढले, आणि त्यातले बहुतेक आज बघायलाही मिळत नाहीत. यंत्र बनवण्याची जिद्द या गावात होती, आजही आहे, त्या टर्नरच्या हातात मी ती बघितली. त्या यंत्रानं टिपलेलं मात्र राहिलं नाही. लहानपणी तिथून शंभरदा गेलो असेन, आता गेलं की आत काहीतरी तुटतं.

तर खोक्याचं असं आहे. माझ्याकडे दोन प्रती आहेत. एक संगणकात आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये, वेगळ्या डिस्कवर. तिसरी तुझ्याकडे. मुद्दाम फिरती हार्डडिस्क दिलीय. एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी चिपवाली डिस्क, विजेशिवाय वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिच्यातलं जाऊ शकतं. हीसुद्धा नुसती कपाटात टाकू नकोस. दर दिवाळीला एकदा जोड, दोन-चार फाईली वाजवून बघ. पाच-सहा वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवून घे. मूळ कॅसेटी फेकू नकोस, कोरड्या जागी उभ्या ठेव.

आता वही. प्रत्येक कॅसेटला एक पान केलंय. बाजू, मिनिट, काय वाजतंय, जे कळलं ते लिहिलंय. काकांच्या अक्षरातल्या तारखा जशाच्या तशा उतरवल्यात. पण माणसं मला ओळखता येईनात. आपण तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. कॅसेट ९, 'ब' बाजू, पखवाज कोण वाजवतंय? कॅसेट २२ वर एक म्हातारा आवाज गौळण म्हणतो, काका त्यांना 'अण्णा' म्हणतात, ते कुठले अण्णा? कॅसेट १७ वर भजन संपल्यावर रेकॉर्डर चालूच राहिलाय, आणि काकू आपल्या दोघांना जेवायला हाका मारताहेत. तिथं मागं अजून एक बाई हसतात. त्या कोण? अशा त्रेचाळीस जागा मी लाल पेननं रिकाम्या सोडल्यात.

हे सांगू शकेल अशा आता काकूच आहेत. फोनवर त्या म्हणाल्या की हल्ली नावं पटकन आठवत नाहीत. म्हणून दिवाळीची वाट बघू नकोस. या रविवारी त्यांना शेजारी बसव, हेडफोन नको, स्पीकरवर लाव, आणि कॅसेट १७ पासून सुरू कर. ज्या जागी त्या थांबतील तिथं थांब. नावं तुझ्या अक्षरात लिही. झालं की वहीच्या पानांचे फोटो मला पाठव, डॉक्युमेंट म्हणून.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
गल्लीतला दोस्त