नानांच्या गुडघ्याविषयी

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

नानांचा बदललेला गुडघा चार दिवसांपासून सुजला आहे आणि घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तू त्यांना देणार आहेस, हे ऐकून काल फोनवर मी तुला जवळजवळ दरडावले. कारण मात्र नीट सांगता आले नाही, म्हणून लिहितो.

आईच्या बाबतीत आम्ही हीच चूक केली. पालखी भवानी पेठेत मुक्कामी असताना ती दर्शनाच्या रांगेत अनवाणी उभी राहिली, टाचेची भेग चिघळली आणि आठवडाभरात तीन वर्षे उत्तम चाललेला गुडघा गरम होऊन सुजला. नेहमीच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुखणे ओसरले, आम्ही निर्धास्त झालो आणि महिन्याभराने ते दुप्पट होऊन परतले.

जखमेतले जिवाणू रक्तावाटे सांध्यात पोहोचतात आणि धातू-प्लास्टिकवर चिकट थर धरतात; त्याला बायोफिल्म म्हणतात. कृत्रिम भागाला रक्तवाहिन्या नसतात आणि त्या थराआडचे जिवाणू औषधाला सहसा दाद देत नाहीत. गोळ्यांनी फक्त सांध्याच्या पाण्यातले जिवाणू मरतात, त्यामुळे दुखणे दबते आणि पाण्याच्या कल्चरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काही उगवत नाही. आईचे पहिले कल्चर असेच कोरे आले. गोळ्या थांबवून दोन आठवड्यांनी पुन्हा पाणी काढले, तेव्हा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू सापडला. पण तोवर सांधा वाचवण्याची वेळ टळली होती. तो काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे तात्पुरता ठोकळा, बसवला, आणि नवा सांधा बसेपर्यंतचे ते आठवडे तिने वॉकर धरून कसे काढले, ते मी जवळून पाहिले आहे.

नानांच्या हाती अजून वेळ आहे. लक्षणे सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले नसतील आणि सांधा हाडात घट्ट असेल, तर गुडघा उघडून, धुऊन, मधला प्लास्टिकचा भाग बदलून मूळ सांधा पुष्कळदा वाचवता येतो. म्हणून आजच त्यांच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना गाठ. रक्ताची सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी तपासणी, होईलच, पण ती नॉर्मल आली म्हणून परत फिरू नकोस. गोळी सुरू होण्याआधी सुईने पाणी काढून पेशी मोजायला आणि कल्चरला पाठवा, असा आग्रह धर. कल्चर चौदा दिवस ठेवायला सांग, कारण काही जिवाणू फार सावकाश वाढतात. नानांना मधुमेह आहे, तेव्हा साखरेचे आकडे आणि पायांवरची प्रत्येक जखम डॉक्टरांना दाखव. थंडी वाजून ताप आला किंवा ते गुंगल्यासारखे वाटले, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इस्पितळात ने.

पुढे रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक सुरू झाले, तर लघवी नारिंगी होते. आई त्या रंगाने फार घाबरली होती. नानांना आधीच सांगून ठेव.

पाणी काढायचे कधी ठरते, ते कळव. मी पहिल्या गाडीने येतो.

तुझा,
माधव